बैल उजवीकडे, घोडा डावीकडे

महाराष्ट्र दिनाच्या पुरवणीत एक पान ठरलेले असते. राज्याची मुद्रा, तिच्यावरच्या ओळी, देशाचे राजचिन्ह आणि तिरंगा यांची माहिती त्या पानावर जाते. मी वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून लागलो तेव्हापासून हे पान बहुतेक वेळा माझ्याकडे आले आहे. या पानाला मत लागत नाही, तपशील लागतो, आणि तपशील चुकला तर सकाळपासून कार्यालयातले फोन वाजू लागतात. ज्याला फोन नको असतात तो हे पान घेत नाही. मला तपशिलाचे काम बरे वाटते.

काही वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्येही ते पान माझ्याकडे होते. वाचकांचा नेहमीचा प्रश्न असतो की आपल्या राज्याचा झेंडा कोणता. उत्तर असे की राज्याला स्वतःचा वेगळा अधिकृत ध्वज नाही. सरकारी इमारतीवर तिरंगाच लागतो. मुद्रा मात्र राज्याची स्वतःची आहे. ती गोल आहे, मध्ये समई, भोवती कमळाच्या पाकळ्या आणि कडेने संस्कृत ओळी. या ओळी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेवरून घेतल्या आहेत. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदन केलेली ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते, असा त्यांचा अर्थ. जुन्या मुद्रेत जिथे राजाच्या वडिलांचे आणि राजाचे नाव होते, तिथे नव्या मुद्रेत राज्याचे नाव बसवले आहे. बाकी शब्द तेच राहिले आणि वृत्तही मोडले नाही.

पानाचा दुसरा भाग देशाच्या राजचिन्हाचा होता. सारनाथच्या स्तंभशीर्षावर चार सिंह आहेत, समोरून तीन दिसतात. त्यांच्या खालच्या पट्टीवर मधोमध चक्र आहे आणि चक्राच्या दोन्ही बाजूंना एकेक प्राणी. मूळ शिल्पात त्याच्या खाली उलट्या कमळाचा आकार आहे, तो राजचिन्हात घेतलेला नाही. सर्वांत खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’. ते शब्द नसतील तर चिन्ह अपुरे मानले जाते. हेच चक्र तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर निळ्या रंगात येते.

लिहून झालेला मजकूर मी घरी अण्णांना वाचून दाखवायचो. अण्णा म्हणजे माझे वडील. ते तरुणपणी मराठवाड्यातून पिंपरीला आले आणि एका कंपनीच्या टूलरूममध्ये एनग्रेव्हर म्हणून निवृत्त झाले. पोलादी डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यात, अक्षरे, आकडे आणि कंपनीची चिन्हे कोरणे हे त्यांचे काम. डायमध्ये सगळे उलटे कोरावे लागते, तेव्हा दाबलेल्या पत्र्यावर ते सरळ उमटते. त्यांनी कोरलेली अक्षरे मोटारींच्या आत, इंजिनांच्या पोटात कुठे कुठे गेली असतील, ते त्यांनाही माहीत नव्हते. निवृत्तीनंतर आम्ही दिघीला राहायला आलो. तोवर त्यांना काचबिंदू झाला होता. कडेची नजर आधी गेली, मधली तेवढी उरली. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते की औषधाने उरलेली नजर काही काळ टिकेल, गेलेली परत येणार नाही.

आमच्या घरात बाहेरच्या खोलीत सारनाथच्या सिंहांचे छापील चित्र होते. आमच्यासारख्या बौद्ध घरांत ते असतेच. शाळेत असताना पुस्तकाच्या पहिल्या पानावर तेच सिंह दिसले तेव्हा मी अण्णांना विचारले होते की हे आपले की सरकारचे. ते म्हणाले, “सरकारनं आपल्याकडनं घेतलंय. नीट वापरतंय का तेवढं बघायचं.”

त्या आधीच्या पावसाळ्यात त्यांच्याकडे ते सिंह करायचे काम आले. शहरात राज्य सरकारच्या एका कार्यालयाची नवी इमारत उभी राहत होती. दारावर लावायचे पितळी राजचिन्ह ओतण्याचे काम तळवड्याच्या एका छोट्या फाउंड्रीला मिळाले. फाउंड्रीचा मालक अण्णांच्या कंपनीत मोल्डिंगला होता, नोकरी सोडून त्याने स्वतःची शेड टाकली. तो घरी आला आणि म्हणाला, “मास्तर, मशीनवर करून घेतलं असतं. पण सिंहाच्या तोंडावर मशीनचं काम मेल्यासारखं दिसतं. तुम्ही पॅटर्न कोरा.”

पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. अण्णांनी सागाच्या फळीवर ते काम केले. दिवसा खिडकीपाशी बसून, मोठे भिंग लावून, उरलेल्या नजरेच्या जोरावर. हे आपले शेवटचे काम आहे हे त्यांना माहीत होते, आम्हालाही होते. आई त्यांना रागवायची की डोळ्यांना ताण देऊ नका. ते म्हणत, “ठेवून तरी काय करू? जाणारच हायत ते.”

‘सत्यमेव जयते’ची अक्षरे त्यांनी कोरली नाहीत. फाउंड्रीत पॅटर्नवर चिकटवायची तयार अक्षरे मिळतात, ती मालकाने लावली. पितळी पाटी ओतली गेली, घासली गेली, दारावर चढली. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला त्या इमारतीसमोर झेंडा चढला तेव्हा अण्णा पांढरा शर्ट घालून गेले होते. झेंडा उलगडला तेव्हा ते वर बघत नव्हते. दाराकडे बघत होते.

तर एप्रिलमधल्या त्या दुपारी मी त्यांना मजकूर वाचून दाखवत होतो. झेंड्याचा भाग झाला, मुद्रेचा झाला. मी राजचिन्हावर आलो.

“मधोमध चक्र. पाहणाऱ्याच्या उजवीकडे बैल, डावीकडे धावता घोडा.”

अण्णांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “परत वाच.”

मी परत वाचले.

“पाहणाऱ्याच्या?”

“हो. समोर जो उभा आहे त्याच्या.”

“तू चुकलास.”

“अण्णा, कायद्याची प्रत समोर ठेवून लिहिलंय. चित्रही आहे.”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. फळी समोर आहे असे धरून उजव्या हाताने हवेत छिन्नी फिरवली. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. भिंतीवरचे चित्र त्यांच्या पाठीमागे होते. त्यांनी मान वळवली नाही.

“बैल मी डाव्या अंगाला कोरलाय,” ते म्हणाले.

मला ते आधी खरे वाटले नाही. मग त्यांनी कसे झाले असेल ते सांगितले. कार्यालयाने दिलेले चित्र त्यांनी ट्रेसिंग पेपरवर उतरवले. मग तो कागद पालथा घातला आणि पाठीवरून घासून रेषा लाकडावर उठवल्या. डाय कोरणारा असेच करतो. कागद पालथा घालणे ही त्या कामाची पहिली पायरी, ती हात आपोआप करतो. डायसाठी ते बरोबर होते. पॅटर्नसाठी कागद सुलटा हवा होता. तीन सिंह दोन्हीकडून सारखे दिसतात, चक्रही सारखेच. फरक फक्त दोन लहान प्राण्यांत पडला. अक्षरे कोरली असती तर उलटी अक्षरे पाहून कोणीही ओरडले असते, पण अक्षरे तयार होती. आणि अण्णांना उलटे चित्र खटकण्याचे काही कारण नव्हते. जन्मभर त्यांच्या डोळ्यासमोर उलटेच होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून तिथे घेऊन गेलो. त्यांना तेवढ्या उंचीवरचे प्राणी दिसत नव्हते. मी खाली उभा राहून बघितले. बैल डावीकडे होता.

फाटकावरचा वॉचमन जवळ आला. तो तिथल्याच जुन्या गावातला होता. “काय बघताय पावनं? फोटो काढायचा न्हाई हितं.”

“फोटो काढत नाही. ते चिन्ह बघतोय.”

“व्हय, चांगलं हाय की. रोज पुसून घेतो मी.”

अण्णा म्हणाले, “मीच केलंय. चुकलंय.”

वॉचमनने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा वर पाहिले. “मला तर सिंवच दिसत्यात,” तो म्हणाला आणि आम्हाला आत सोडले.

आत आवक-जावक सांभाळणारा एक कारकून भेटला. पन्नाशीचा, बोलका. त्याने अण्णांचे म्हणणे पूर्ण ऐकले, आमच्याबरोबर बाहेर येऊन वर बघितले आणि हसला. “आजोबा, बैल इकडे काय नि तिकडे काय, चारा सरकारचाच खातोय. जानेवारीपासून जिल्ह्याचे साहेब येऊन गेले, आमदार येऊन गेले. कुणाच्या बापाला कळलं नाही. तुम्ही कशाला स्वतःहून फास लावून घेताय?”

“तुमच्या मोठ्या साहेबांना सांगायचंय.”

“मॅडम आहेत. त्या हसणार नाहीत, एवढं सांगून ठेवतो.”

कार्यालयाच्या प्रमुख अधिकारी खरेच हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरच्या पत्राच्या कागदावरचे छापील चिन्ह पाहिले, कागद हातात घेऊन बाहेर गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. “तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आभार नव्हते. आता त्यांना ठाऊक झाले होते, त्यामुळे आता ती त्यांची अडचण होती.

अण्णा म्हणाले, “उतरवा. मी दुसरं करून देतो.”

“असं उतरवता येत नाही, काका. इमारत बांधकाम खात्याची आहे. चिन्ह काढलं तर का काढलं ते लिहावं लागेल. आणि दार रिकामं ठेवता येणार नाही. तुम्ही दुसरं तयार करून आणा. बरोबर आहे हे मी स्वतः तपासेन. मग एका दिवसात बदलू. तोवर हे राहील.”

“तोवर म्हणजे कधीपर्यंत?”

“ते तुमच्यावर आहे,” त्या म्हणाल्या.

परत येताना दिघीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा अण्णा म्हणाले, “माझ्या डोळ्यावर हाय म्हणजे.”

माझे पान छापून आले. त्यात बैल उजवीकडे होता. एक मेच्या ध्वजवंदनाला कार्यालयाकडून अण्णांना बोलावणे होते. ते गेले नाहीत.

मालकाला मी फोन केला तेव्हा त्याने आधी एक शिवी हासडली, मग हसला. आम्ही तळवड्याला गेलो. लाकडी पॅटर्न शेडमध्ये फळीवर तसाच होता. फाउंड्रीत पॅटर्न सहसा टाकत नाहीत. मालकाने तो खाली काढला, धूळ झटकली आणि म्हणाला, “मास्तर, एक बोलू का? शिक्का उलटाच असतो. राजाचा शिक्कासुद्धा उलटाच कोरत असतील ना? तुम्ही शिक्का कोरला म्हणून सांगा. कोण तुम्हाला खोटं पाडतोय?”

“दारावर शिक्का लावलाय का ठसा?”

“ते बी खरं.”

“मग गप.”

“गप बसतो राव. पण नवीन कोरणार कसं? तुम्हाला माझं नाक तरी दिसतंय का इथनं?”

“तुझं नाक न बघताबी कळतंय. तंबाखू सोड आधी.”

मालक जोरात हसला. “धातूचं मी बघतो,” तो म्हणाला. “तुम्ही लाकडाचं बघा.”

अण्णांनी नवी फळी आणवली. मी रजा काढून त्यांच्याशेजारी बसलो. या वेळी ट्रेसिंगचा कागद सुलटा ठेवला आहे हे त्यांनी मला तीनदा विचारले. चक्राचा गोल त्यांनी काढला. आऱ्या आखायला सुरुवात केली आणि थांबले. रेषा कुठे संपते ते त्यांना दिसत नव्हते. भिंग पुढे घेतले, मागे घेतले, दिवा जवळ ओढला. मग सिंहाच्या जबड्यापाशी छिन्नी लावली. ती निसटली आणि लाकडात खोल गेली. त्यांनी अंगठ्याने तो खळगा चाचपला. ती फळी बाजूला ठेवून दुसरी घेतली. दुसऱ्या फळीवर दोन दिवस गेले आणि ती पण तशीच गेली. तिसरी त्यांनी मागितली नाही.

त्या दिवसांत ते कोणाशी नीट बोलत नव्हते. आईने त्यांना विचारले की दुसऱ्या कुणाकडून करून घेतले तर काय बिघडेल. ते म्हणाले, “मी मेल्यावर ते तिथं असणार. चुकलेलं. माझ्या हातचं.” आई म्हणाली, “कोण म्हणतंय तुमच्या हातचं? तिथं तुमचं नाव हाय का?”

माझी धाकटी बहीण चाकणला एका कंपनीत काम करते. धातू कापणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिते. ती रविवारी आली, दोन्ही बिघडलेल्या फळ्या पाहिल्या आणि जुना पॅटर्न कुठे आहे ते विचारले.

“शेडमध्ये,” मी म्हणालो.

“तो चांगला आहे ना? फक्त उलटा?”

“हो.”

“मग रडताय कशाला? भोसरीत माझ्या मैत्रिणीचं युनिट आहे. तिच्याकडे स्कॅनर आहे. अक्षरं काढून पॅटर्न स्कॅन करायचा, बाजू पलटवायची, रेझिनच्या ब्लॉकमध्ये कापायचा. पलटवायला एक कमांड लागते.”

अण्णा पलंगावर बसून ऐकत होते. “मग ती पाटी मशीनची.”

“सिंह तुमचे आहेत, अण्णा. मी एक रेषासुद्धा माझी टाकणार नाही.”

“कापणार तर मशीनच.”

“तुम्ही जन्मभर डाय केल्या. पत्रा दाबला प्रेसनं. मग तो पार्ट कुणाचा, प्रेसचा का तुमचा?”

“तुला लई बोलायला येतं.”

“कुणावर गेलेय?”

त्यांनी हो म्हटले नाही. पण सोमवारी सकाळी ते कपडे करून बसले होते.

स्कॅन होताना आम्ही तिघेही तिथे होतो. पडद्यावर अण्णांचा पॅटर्न करड्या रंगात हळूहळू उभा राहिला. बहिणीने एक बटण दाबले आणि घोडा बैलाच्या जागी गेला, बैल घोड्याच्या. बाकी काही हलल्यासारखे वाटले नाही. अण्णांना पडदा दिसत नव्हता. त्यांनी विचारले, “झालं?” ती म्हणाली, “झालं.” ते म्हणाले, “एवढंच?” ती त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

रेझिनचा, म्हणजे कडक प्लास्टिकसारखा, ठोकळा कापून आला तो आम्ही घरी आणला. यंत्राच्या धारेने त्यावर बारीक समांतर ओळी ठेवल्या होत्या, शेतात नांगर फिरवल्यासारख्या. त्या हाताने घासून काढाव्या लागतात. अण्णांनी ठोकळा मांडीवर घेतला आणि बोटे फिरवायला सुरुवात केली. सिंहाच्या आयाळीवरून, भुवईवरून, खाली पट्टीवर. घोड्यापाशी थांबले, बैलापाशी थांबले. “डावखुऱ्यानं कोरल्यागत लागतंय,” ते म्हणाले. त्यांच्या छिन्नीचे सगळे कल उलट्या बाजूला गेले होते.

मग ते उजव्या सिंहाच्या जबड्याखाली एका जागी अंगठा परत परत फिरवू लागले. “हितं बघ. माझी छिन्नी घसरली होती मागच्या वेळी. मी ती आयाळीत मिसळून टाकली. कुणाला दिसली न्हाई. तवा डाव्या सिंहाला होती.”

बहिणीने वाकून पाहिले. तिलाही ती आधी दिसली नाही. मग म्हणाली, “ठेवूया का? तुमची खूण राहील.”

मला वाटले होते की ते ठेवा म्हणतील.

“भर,” ते म्हणाले. “नाव लिहायची जागा न्हाई ती.”

तिने पुट्टी लावून तो चर भरला. त्यानंतर बरेच दिवस अण्णा रोज सकाळी ठोकळा घेऊन बसत. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. या कामाला नजर लागत नाही. बोट पुढे, कागद मागे. मी कामावर जाताना आणि आल्यावर ते त्याच जागी दिसत. कधी ते मला बोलावून विचारत, “घोड्याचा पाय मोडला का रे घासून?” मी बघून सांगायचो की नाही. ते बोटाने खात्री करत, मग पुढे जात. आईने या काळात त्यांना डोळ्यांवरून एकदाही टोकले नाही.

जुलैत नवी पाटी ओतली गेली. मालकाने साच्यातून काढून वाळू झटकली तेव्हा अण्णांनी ती गार होईपर्यंतसुद्धा थांबायची तयारी दाखवली नाही. मालकाने त्यांचा हात धरून ठेवला. “मास्तर, बोटं भाजली तर उरलेलं पण जाईल.” अक्षरे मालकाने पॅटर्नवर आधीसारखी तयारच लावली होती. घासून, पॉलिश करून पाटी कार्यालयात नेली. अधिकारी बाईंनी आपला पत्राचा कागद तिच्याशेजारी धरला. मग कायद्याच्या प्रतीतले चित्र धरले. बराच वेळ पाहत राहिल्या. “बैल उजवीकडे,” त्या शेवटी म्हणाल्या. कारकून दारात उभा होता. या वेळी तो विनोद करायला गेला नाही.

स्वातंत्र्य दिनाच्या आधी एका सकाळी, कार्यालय उघडण्यापूर्वी, जुनी पाटी उतरली आणि नवी चढली. समारंभ नव्हता. शिडीवर एक माणूस, खाली अण्णा, बहीण, कारकून आणि मी. अण्णांनी मला विचारले नाही की कशी दिसते. बहिणीने सांगायला तोंड उघडले तर त्यांनी हाताने थांबवले. वॉचमनने फडके आणून नव्या पाटीवरचे बोटांचे ठसे पुसले.

प्रश्न जुन्या पाटीचा होता. अधिकारी बाईंनी कारकुनाला सांगितले की ती भंगारात जाता कामा नये. फाटलेल्या झेंड्यासाठी नियम आहे. तो खासगीत, मान राखून, पूर्णपणे नष्ट करायचा, शक्यतो जाळून. धातूच्या राजचिन्हासाठी तसा नियम त्यांना सापडला नव्हता. मलाही सापडला नाही. त्यांनी झेंड्याचाच नियम लावायचे ठरवले. कारकुनाने समक्ष हजर राहायचे होते.

आम्ही त्याच दिवशी पाटी कापडात गुंडाळून तळवड्याला नेली. भट्टी पेटलेली होती. मुशीत पितळ वितळत होते, कडेला हिरवट ज्वाळा निघत होत्या. कारकून शेडच्या दाराशी थांबला आणि वाकून बुटाची लेस सोडू लागला.

“अहो साहेब, काय करताय?” मालक ओरडला. “बूट काढू नका. पाय जाईल.”

“नाही, म्हटलं, सिंह आहेत...”

“सिंह असू द्या. भट्टीत कुणाचा मान चालत नाही. घाला ते.”

कारकुनाने लेस परत बांधली. मग काहीतरी करायला हवे म्हणून त्याने डोक्यावर रुमाल टाकला.

पाटी मुशीत मावत नव्हती. मालकाच्या माणसाने ती ग्राइंडरने कापायला घेतली. कुठून कापू, असे त्याने विचारले. अण्णा पुढे झाले. त्यांनी पाटीवर हात फिरवला, तिन्ही सिंहांच्या खालची पट्टी शोधली आणि चक्राच्या मधोमध बोट ठेवले. “हितनं.” मग बोट काढून घेतले आणि मागे सरकले.

तुकडे एकामागून एक आत गेले. शेवटचे दोन तुकडे खालच्या पट्टीचे होते. एकावर बैल होता, एकावर घोडा. ते थोडा वेळ पितळातून वर डोकावत राहिले, मग कडा गळल्या आणि बुडाले. अण्णांना त्यातले काही दिसले नसावे. ते उष्णतेकडे तोंड करून उभे होते. बहीण त्यांच्या दंडाला धरून होती.

“गेलं?” त्यांनी विचारले.

“गेलं,” ती म्हणाली.

मालकाने लांब सळईने पितळावर आलेली मळी बाजूला केली. जमिनीवर वाळूचे साचे ओळीने मांडून ठेवलेले होते. अण्णांनी विचारले, “कशाचे साचे हायत?”

“पाण्याच्या व्हॉल्व्हचे, मास्तर. चाकणच्या पार्टीचे. उद्या द्यायचेत.”

कारकून माझ्याकडे वळला. “चालेल ना हो? म्हणजे, सिंहाचे व्हॉल्व्ह...” त्याला मॅडमला काय सांगावे हा प्रश्न पडला होता.

मी अण्णांकडे पाहिले. त्यांनी थोडा विचार केला.

“वाया न्हाई गेलं,” ते म्हणाले. “ओत.”

दोन माणसांनी मूस चिमट्यात उचलली आणि पहिल्या साच्यावर वाकवली. अण्णा तिथून हलले नाहीत. सगळे साचे भरून होईपर्यंत ते उभे राहिले. मग बहिणीने त्यांना पाण्याचा ग्लास दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून घेतला.